चिंधी बांधलेलं पाणी

गावाचं नाव मी लिहिणार नाही. आधीच सांगते, म्हणजे शेवटपर्यंत वाचून मग मला फोन करत बसू नका. माजलगाव धरणाच्या फुगवट्याला लागून असलेली एक वस्ती, एवढं पुरे. नाव छापलं तर येत्या रविवारी तुमच्यापैकीच चार जण मोटरसायकलला गळ बांधून तिथं उभे राहतील आणि वर सांगतील, "ताई, तुमचंच वाचून आलो."

मी नेकनूरची. आमच्याकडं मासा बाजाराच्या दिवशी बर्फाच्या खोक्यातून येतो. तो कुठल्या पाण्यातला, कोणत्या जातीचा, कधी मेला, हे विचारायची पद्धत नाही. विचारलं तर विकणारा म्हणतो, "मासा हाय, मासा." बहुतेक वेळा ती चिलापी असते. बाहेरून आणून सोडलेला हा मासा आता जिकडं पाणी तिकडं माजलाय.

आमच्या संघटनेनं मला मच्छीमारांवर चार पानी पत्रक लिहायला सांगितलं होतं. खरं सांगायचं तर निघण्याआधीच अडीच पानं लिहून झाली होती. मथळा तयार, घोषणा तयार, शेवटचं आवाहन तयार. फक्त माणसं भरायची राहिली होती. आखाड संपायला आठवडा उरला होता, तेव्हा पिशवीत दोन कपडे आणि ती अडीच पानं टाकून मी निघाले.

शुक्रवार

फाट्यावर उतरले तर उसाच्या दोन भिंतींमधून जाणारा एक रस्ता आणि एक टमटम. धरण कुठंच दिसेना. नेकनूरच्या माणसाला हे पटत नाही. आमच्याकडं पाणी असलं की लांबून दिसतं, कारण मधे आडवं यायला काही नसतं. इथं पाणी उसानं झाकून ठेवलेलं.

टमटममध्ये शेजारच्या धोतरवाल्या आजोबांनी गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, मग "म्हंजी कोणाच्यात?" म्हणून विचारलं. मी म्हटलं, "बौद्ध." ते "बरं बरं" म्हणाले आणि उसाकडं बघत बसले. मीही उसाकडं बघितलं. ऊस काही बोलला नाही.

वस्तीच्या तोंडाशी पारूबाई उभ्या होत्या. पन्नाशीची, सडसडीत, हातात जाळं विणायची लाकडी सुई. बोलताना सुई थांबत नव्हती आणि विणताना तोंड थांबत नव्हतं. मी ज्या गटासाठी आले होते त्याच्या याच पुढारी. गट म्हणजे नऊ घरं. सहा भोयांची, तीन बौद्धांची. या तीन घरांची जमीन धरणात गेली. पाण्याखाली गेलेल्या शेतावर मग त्यांनी मासे धरायला सुरुवात केली. पारूबाईंनी माझी पिशवी घेतली, पाणी दिलं आणि आडनाव विचारलं नाही. "जेवतीस ना सगळं?" एवढंच विचारलं.

"सगळं," मी म्हटलं.

"मंग चल. उजेड हाय तवर पाणी दावते."

ओढा जिथं धरणाला मिळतो तिथं पाणी जमिनीत आत घुसलंय. कुठं गुडघाभर, कुठं छातीभर, कडेनं बेशरमीची दाट झुडपं. वस्तीवर त्याला नुसता 'कोपरा' म्हणतात. त्या कोपऱ्यात सात ठिकाणी सात काठ्या रोवलेल्या आणि प्रत्येक काठीला लाल चिंधी.

"हे काय?"

"गप बस अन् त्या चिंधीपाशी बग."

बघत राहिले. पाच मिनिटं काही नाही. मग काठीजवळचं पाणी उकळी आल्यासारखं हललं आणि तांबड्या रंगाचा एक गोळा वर आला. कुंकवाचा करंडा पाण्यात सांडावा तसा. शेकडो पिलं होती ती, बोटाच्या पेराएवढी. एक श्वास घेतला आणि पुन्हा खाली.

"मरळीची पिलं," पारूबाई म्हणाल्या. "खाली ती असती. नर बी असतो. दोघं हालत न्हाईत. कुणी जवळ गेलं की अंगावर येत्यात."

आता यातली गंमत ऐका. मरळ एरवी महाहुशार मासा, सहज हाती लागत नाही. पण पिलांवर असली की तिच्याइतकी सोपी शिकार नाही. तांबडा गोळा वर आला की गळाला बेडकी लावून तिथंच नाचवायची. पिलांजवळ काही वळवळलं की ती झडप घालते, भुकेनं नव्हे, रागानं. आई गेली की तासाभरात चिलापीची टोळी गोळा साफ करते. एका गळात एक मासा नाही, शेकडो मासे जातात. आणि हे सगळं ऐन आखाडात, जेव्हा श्रावणाच्या आधी पोटभर खाऊन घ्यायला अख्ख्या तालुक्याला मासा पाहिजे असतो.

धरणातल्या मासेमारीचा हक्क एका सोसायटीकडं आहे. सोसायटी रोहू-कटल्याचं बीज विकत आणून सोडते आणि तो मासा मोजते. मरळ, वाम, झिंगा हे कुणी आणून सोडलेले नाहीत, म्हणून ते कुणाच्याच कागदात नाहीत. माझ्या अडीच पानांत याबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथं पुन्हा लिहिते, कारण ते खरं आहे: जो मासा फुकट आला त्याची किंमत शून्य धरणारी माणसं आपल्या पाण्याचा कारभार बघतात.

तर या नऊ घरांनी सोसायटीच्या मागं लागून एक कागद करून घेतला होता. आखाड संपेपर्यंत या कोपऱ्यात जिथं चिंधीची काठी असेल तिच्यापासून पंधरा हातांच्या आत जाळं टाकायचं नाही. बाकी कोपरा मोकळा. सोमवारी सोसायटीचे चेअरमन बघायला येणार. पिलं टिकलेली दिसली तर पुढंही चालू. नाहीतर काठ्या काढायच्या, अख्खा कोपरा जाळ्यांना मोकळा, आणि पुढच्या वर्षी हा विषय तोंडातून काढायचा नाही.

"म्हणजे सोमवारी तुमची परीक्षा," मी म्हटलं.

"माजी न्हाई," पारूबाई म्हणाल्या. "मरळीची. मी नुस्ती कॉपी करू देत न्हाई."

घरी त्यांची लेक रेखा बाजेवर होती. पहिलं बाळंतपण, बारा दिवस झालेले, डोक्याला गच्च फडकं, बाजेखाली शेगडी. बाळ तिच्या कुशीत मुठी आवळून झोपलेलं. रेखाचा चेहरा उतरलेला होता आणि घरात दुसरा विषय नव्हता: दूध कमी येतंय.

रात्रीच्या जेवणाला मरळीचं कालवण होतं. मरळीनं दूध उतरतं म्हणून रेखाला पातळ, बिनतिखटाचं. आम्हाला काळ्या मसाल्याचं, सुक्या खोबऱ्याचं. मी आजवर बर्फातली चिलापी खात आले, त्यामुळे मासा म्हणजे मसाला लपवायची जागा असा माझा समज होता. हे वेगळंच होतं. मांस घट्ट, काटा कमी, रस्सा नुसता भाकरीनं उचलावा असा. दोन भाकरी खाल्ल्या, तिसरी मागितली, ताट चाटून पुसून लख्ख केलं.

"कुठून आणली?" मी विचारलं.

"माझ्या भावानं आणली, भानुदासनं. माजलगावच्या बाजारातून," पारूबाई म्हणाल्या आणि भाकरी थापायला वळल्या.

शनिवार

सकाळी सुभाषभाऊंबरोबर कोपऱ्यावर गेले. सुभाषभाऊ गटाचे लिहिणारे-वाचणारे. सोसायटीचा कागद त्यांच्याच अक्षरातला. वडिलांची जमीन नेमकी या कोपऱ्याखाली आहे, असं ते हसत सांगतात. "तिसऱ्या काठीपाशी आमची विहीर व्हती, ताई."

तिसऱ्या काठीपाशी आम्ही बसलो. पाच मिनिटं. दहा. अर्धा तास. पाणी हललं नाही. सुभाषभाऊंचं हसू गेलं. पाचव्या काठीकडं गेलो. तिथं काठी वाकलेली, कडेच्या चिखलात टाचेचा खोल ठसा आणि बेशरमीच्या फांदीला अडकलेला दोऱ्याचा तुकडा. तिथंही गोळा वर आला नाही. वर आली ती चिलापी, एक, दोन, पाच, पाण्याचा वरचा थर चाटत.

माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला आणि मग राग चढला. या लोकांनी काय करून ठेवलं होतं बघा! आपल्या माणसांचं जाळं चुकून पडू नये म्हणून त्यांनी प्रामाणिकपणे प्रत्येक मरळीच्या डोक्यावर निशाण लावलं होतं. चोराला शोधायचीही गरज नाही. मरळ इथं आहे, इथं आहे आणि इथं आहे. लाल रंगात!

"सुभाषभाऊ, हे कुणाच्या डोक्यातून आलं?"

"सगळ्यांच्याच," ते खाली मान घालून म्हणाले. "आमचा माणूस चिंधी बघून लांबून जातो. दुसरा जवळ येईल, हे ध्यानातच न्हाई आलं."

काल संध्याकाळी हीच कल्पना मला इतकी आवडली होती की पत्रकाच्या तिसऱ्या पानावर मी 'सात लाल निशाणं' असा उपमथळा लिहून टाकला होता. तो खोडला. आणि खोडल्यावर जे करायला नको होतं ते केलं. तडक फाट्यावर गेले.

वाटेत ओढा पार करताना चप्पल चिखलात अडकली. ओढून काढायला गेले तर चप्पल राहिली आणि मी आडवी झाले. अशा अवतारात, एका पायात चप्पल, कोपरापर्यंत चिखल, मी फाट्यावरच्या चहाच्या टपरीवर पोचले. तिथं तीन गळवाले चहा पीत होते. मोटरसायकली, पिशव्या, चांगल्यापैकी गळ. मला आणखी पुरावा कशाला हवा होता? मी सुरू झाले. गावरान मासा, नऊ घरं, तुमच्या जिभेची चैन, लाजा कशा वाटत नाहीत. सभेत बोलते तसं बोलले. टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला, नीट ऐकू यावं म्हणून.

माझं संपल्यावर त्यातला एक जण शांतपणे म्हणाला, "झालं का, ताई?" आणि त्यानं पिशवी उपडी केली. चार चिलाप्या. "आमी आत्ता आलोय परळीवरून. तुमचा कोपरा कुठंय ते बी ठावं न्हाई." मग दुसऱ्याकडं वळून, "कुठंय बे हा कोपरा? बाई म्हणत्यात लई मरळ हाय तिथं."

म्हणजे मी स्वतःच्या तोंडानं त्यांना सांगून आले होते. चिंधी बांधणाऱ्यांना हसायचा हक्क त्या क्षणी माझा संपला.

दुपारी भानुदासमामा आले. हे पारूबाईंचे धाकटे भाऊ, त्याच नऊ घरांतले एक, आणि गळ टाकण्यात त्यांचा हात पंचक्रोशीत कुणी धरत नाही. दारात टेकले, भाचीला हाक मारली, "रेखे, आला का गं पान्हा?" मी चिखल धूत होते. सुभाषभाऊंनी त्यांना दोऱ्याचा तुकडा दाखवला. पिवळा दोरा, त्यावर काळा डाग.

मामांनी तो बघितला. खोटं बोलायचं त्यांच्या मनातही आलं नाही, असं मला वाटतं. "माझाच हाय," ते म्हणाले.

"भान्या!" पारूबाई.

"ओरडू नगं, अक्का. पोरगी पांढरीफटक पडली. बाजारात दोन दिस हिंडलो, मरळ न्हाई. बाळंतिणीला काय चिलापी घालू का? पाचव्या काठीची घेतली. फकस्त पाचव्या. तिसरीचं मला इचारू नगा."

"आन् कागद?"

"कागदात जाळं लिवलंय. गळ कुठं लिवलाय? सुभाष, वाच की तुजाच कागद."

सुभाषभाऊंनी कागद काढलाही नाही. त्यांना तो पाठ होता. त्यात खरंच गळ नव्हता.

मला आता बोलायलाच हवं होतं. मरळीत असं काही औषध नसतं, दूध यायला डाळ चालते, अंडी चालतात, शेंगदाणे चालतात, हे दवाखान्यातली सिस्टर पण सांगेल, असं मी नीट मुद्देसूद सांगितलं. शेजारची एक म्हातारी दारातून म्हणाली, "तू कितींदा बाळंत झालीस गं?"

मग सुभाषभाऊंनी सुचवलं की कागदात दुरुस्ती करू, बाळंतिणीसाठी एक मरळ घ्यायला सूट ठेवू. पारूबाई हसल्या, पण हसण्यासारखं तोंड करून नव्हे. "ठेव सूट. आखाड संपंस्तोवर या गावातल्या म्हाताऱ्या सुद्दा बाळंत व्हत्याल."

तेवढ्यात आतून रेखाचा आवाज आला. आम्ही सगळे तिच्याबद्दल बोलत होतो आणि ती चार हातांवर आहे हे कुणाच्या ध्यानात नव्हतं.

"मला कुणी इचारलं का? बारा दिस झाले, पांढरं पाणी पाजताय. मला ठेचा पाहिजे. हिरव्या मिरचीचा."

"बाळाला बाधंल!" सगळे एकदम म्हणाले.

"मंग नगा देऊ. पण माझ्या नावानं भांडू नगा."

यानंतर पारूबाई बराच वेळ सुईनं जाळं विणत राहिल्या. मी त्यांच्याजवळ बसले. काल मी ज्या कालवणाचं ताट चाटलं होतं ते पाचव्या काठीचं होतं, हे पचायला मला वेळ लागत होता. शेवटी म्हटलं, "मावशी, तुम्हाला माहीत नव्हतं. तुम्ही कशाला मनाला लावून घेता?"

सुई थांबली. ती थांबलेली मी पहिल्यांदा बघितली.

"कापताना कळलं व्हतं," त्या म्हणाल्या. "पिलावरची मरळ काय खात न्हाई. पोट रिकामं असतं, पाठीचा काटा हाताला लागतो. बाजारची मरळ अशी नसती. चाळीस वर्सं मासा कापते मी. सुरी लावली अन् कळलं."

"मग?"

"मंग काय? मसाला वाटला."

रविवार

सकाळी गट बसला. नऊ घरांची माणसं, पारूबाईंच्या अंगणात. मी पत्रकाचे कागद पिशवीतच ठेवले होते. मला वाटलं होतं आता भानुदासमामांवर सगळे तुटून पडतील. तसं झालं नाही. पारूबाईंनीच उठून सांगितलं, काय शिजलं, कुणी शिजवलं, कुणाकुणाला वाढलं. पाहुणीला पण वाढलं, असं म्हणून माझ्याकडं बोट केलं. मग म्हणाल्या, "उद्या हे चेरमनला मीच सांगणार."

"कावून?" भानुदासमामा उसळले. "त्याला कशाला? तो काठ्या उपटंल!"

"त्याला दुसऱ्याकडून कळलं तर उपटंल. माझ्याकडून कळलं तर त्याला बोलायला मी काय बी शिल्लक ठिवणार न्हाई."

शिक्षा काय, यावर थोडा वेळ गेला. या गटाची रीत अशी की दंड पैशानं घेत नाहीत. ज्यानं पाण्याचं नुकसान केलं त्यानं पाण्यातच काम करायचं. काय काम, हे कुणाला सुचेना. काठ्या काढाव्यात असं दोघांचं म्हणणं, चोराला निशाण राहणार नाही. पण काठी नसेल तर सोसायटीचं जाळं कुठंही पडणार. काठी ठेवली तर चोर, काढली तर सोसायटी.

पारूबाई सुभाषभाऊंना म्हणाल्या, "कागद वाच. मोठ्यानं."

त्यांनी वाचला. चिंधीच्या काठीपासून पंधरा हातांच्या आत जाळं टाकू नये.

"किती काठ्या ते लिवलंय?"

"न्हाई."

"काठीखाली मरळ असलीच पाहिजे असं लिवलंय?"

सुभाषभाऊंनी कागद पुन्हा वरपासून खालपर्यंत बघितला. पाठ असलेला कागद. "न्हाई, मावशी."

"भान्यानं वाचला तसा आपण बी वाचू की."

अंगणात जो हशा उठला तो मला अजून ऐकू येतो. कोपराभर काठ्या! चोराला कळणार नाही मरळ कुठल्या काठीखाली आहे, आणि सोसायटीला पंधरा हात मोकळं पाणीच सापडणार नाही. मी कितीतरी मोर्चे बघितलेत. निवेदन द्यायला गेलेली माणसं कलेक्टर कचेरीच्या व्हरांड्यात तासन्‌तास बसलेली बघितलीत. त्यांचाच कागद असा त्यांच्यावर उलटवायचा असतो, हे मला या अंगणात कळलं.

सगळ्या घरांतून चिंध्या निघाल्या. लाल संपल्या तेव्हा हिरव्या, पिवळ्या, एका म्हातारीचा लुगड्याचा काठ, सुभाषभाऊंच्या घरातून निळ्या झेंड्याच्या शिवणकामातली उरलेली पट्टी. रेखानं आतून बाळाच्या जुन्या दुपट्याची पट्टी पाठवली आणि निरोप दिला, "ठेचा पाठवा म्हणावं बदल्यात." काठ्या शेवरीच्या आणि बेशरमीच्या. त्या रोवायच्या कुणी, यावर चर्चा झाली नाही. भानुदासमामा आपणहून पाण्यात उतरले. छातीभर पाणी, खाली गाळ, वरून ऊन. दुपारपर्यंत त्यांचे ओठ निळे पडले. कडेवरून सगळे टोमणे मारत होते.

"मामा, ती वाकडी हाय!"

"तुज्या नाकावानी हाय, राहू दे!"

"भान्या, गळ दिऊ का?"

"दे, तुलाच लावतो त्याला बेडकीच्या जागी!"

मी काठ्या टोकदार करून देत होते. हाताला फोड आले. नेकनूरला आम्ही पाण्याचं काम म्हणतो ते पाणी साठवायचं: चर खणा, बांध घाला, टँकरची वाट बघा. पाणी आहे, तरीही त्याच्यासाठी राबायचं, त्यात काय राहतं याची राखण करायची, हे मला नवीन होतं. पहिल्यांदा मला वाटलं की आमचा दुष्काळ आणि यांचं धरण यांत एक गोष्ट सारखी आहे. दोन्हीकडं मोजतात फक्त पाणी.

संध्याकाळी फाट्यावर जाऊन टपरीवाल्याकडं त्या गळवाल्यांसाठी निरोप ठेवला: चूक माझी होती. तो म्हणाला, "ताई, भाषण झ्याक केलं व्हतं पण."

सोमवार

चेअरमन दहा वाजता आले. पांढरा शर्ट, जीप, बरोबर तीन जाळेवाले. जाळेवाल्यांचे थर्माकोलचे तराफे जीपच्या टपावर बांधलेले. म्हणजे परीक्षेचा निकाल काय लागणार ते घरूनच ठरवून आले होते. जीपमधून उतरून त्यांनी कोपऱ्याकडं बघितलं आणि बघतच राहिले. वाऱ्यावर सगळ्या रंगांच्या चिंध्या फडफडत होत्या.

"ही काय जत्रा भरवली का गं, पारू?"

"बसा, चेरमनसाहेब. आदी एक सांगायचंय," पारूबाई म्हणाल्या, आणि उभ्यानंच सगळं सांगितलं. पाचवी काठी, भाऊ, गळ, लेक, कालवण. कापताना कळलं होतं हेही. आवाज हलला नाही. भानुदासमामा मागं मान खाली घालून उभे होते.

चेअरमनांना ते अनपेक्षित होतं. त्यांच्याकडं ही बातमी असावी असा मला संशय आहे, कारण तोंडातला घास काढून घेतल्यासारखं त्यांचं तोंड झालं. तरी सावरून म्हणाले, "मंग तुमीच कागद मोडला. विषय संपला. जाळी काढा रे."

"कागद मोडला न्हाई," सुभाषभाऊ पुढं झाले. "कागदात जाळं हाय, गळ न्हाई. चूक आमची, शिक्षा आमी दिली. कागद तसाच हाय. वाचतो."

वाचला. पंधरा हात. किती काठ्या ते लिहिलेलं नाही. सही कुणाची तेही वाचलं.

"एवढ्या काठ्यांखाली मरळ हाय व्हय?" चेअरमन लालबुंद झाले. "लहान पोरं समजता का मला? टाक रे जाळं! बगू कोण आडवतं!"

मी पुढं जाणार होते. माझ्याकडं अडीच पानं होती. पारूबाईंनी हाताला धरून मागं ओढलं. "थांब. पाण्याला बोलू दे."

तिघांतला सगळ्यात म्हातारा जाळेवाला तराफ्यावर बसून आत गेला. गाल आत गेलेले, दात नसलेले, खांद्यावर फेकायचं जाळं. काठ्यांमधून वाट काढत मध्यावर थांबला. एका पिवळ्या चिंधीपाशी. ती काठी आम्ही रविवारी रोवलेली, खाली काही असेल असं आमच्यातही कुणाला वाटत नव्हतं. त्यानं जाळ्याची कड दातांच्या जागी हिरड्यांत धरली, हात मागं नेला.

आणि त्याच्यासमोर, वीतभर अंतरावर, पाणी तांबडं झालं.

गोळा वर आला, श्वास घेतला, खाली गेला. तिसऱ्या काठीची पिलं सरकत तिथं गेली होती, की ही वेगळीच होती, हे मला माहीत नाही आणि कुणालाच माहीत नाही. मरळ आपल्या पिलांना घेऊन फिरते. चिंधी बघून एका जागी राहायला ती काही सोसायटीची सभासद नाही. आम्ही सातच समजत होतो. किती आहेत हे मोजायची आमची लायकीच नव्हती.

म्हातारा हात मागं नेलेला तसाच बसून राहिला.

"टाक की बे!" चेअरमन कडेवरून ओरडले.

"चेरमन, पिलं हायती."

"हायती तर हायती! टाक!"

म्हाताऱ्यानं काठीकडं बघितलं, पाण्याकडं बघितलं. मग जाळ्याची कड तोंडातून सोडली. "पंधरा हात न्हाईत ओ इथं," तो म्हणाला, आणि जाळं परत खांद्यावर टाकलं.

दुसरे दोघं जाळेवाले हसायला लागले. त्यांच्या मागून भानुदासमामा, मग वस्तीतली सगळी. चेअरमनांनी तोंड पुसलं. त्यांना हसता येईना आणि रागावून राहणंही जमेना. शेवटी म्हणाले, "श्रावण लागंपर्यंत ठिवा. त्याच्या पुढं न्हाई."

"भादवा संपंपर्यंत," पारूबाई म्हणाल्या. "पिलांना कॅलेंडर वाचता येत न्हाई, चेरमनसाहेब."

"लिहून दिऊ का आता ते बी?"

"द्या की. सुभाष, कागद आण. अन् या टायमाला गळ बी लिव."

सुभाषभाऊ कागद आणायला पळाले. म्हातारा अजून पाण्यातच होता, हातानं वल्हवत कडेकडं निघालेला, कोरडं जाळं खांद्यावर. पारूबाईंनी कडेवरून त्याला हाक मारली.

"ओ बाबा! आला हाईसा तर ती डाव्या अंगाची काठी वाकली बगा. तेवढी सरळ करून या."

त्यानं तराफा वळवला. काठीपाशी गेला, एका हातानं ती उपटली, पुन्हा गाळात दाबून बसवली, चिंधीची गाठ सुटत होती ती घट्ट केली. मग हलवून बघितली.

"बसली का?" पारूबाईंनी विचारलं.

"बसली," तो म्हणाला.